माथेरानची नगरपरिषद आणि पायाखालचा रस्ता

माथेरानला नगरपालिका मिळाली १९०५ मध्ये, म्हणजे पायथ्याच्या नेरळहून छोटी रेल्वेगाडी वर चढली त्याच्या दोन वर्षं आधी. २०११च्या जनगणनेत गावची वस्ती साडेचार हजारांच्या आतच भरली. एवढ्या छोट्या नगरपरिषदेच्या ठरावांची एरवी तालुक्याबाहेर कुणी दखल घेत नाही. माथेरानच्या रस्त्यावर मात्र माती ठेवायची की पेव्हर ब्लॉक बसवायचे, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

याचं कारण गावाच्या घडणीत आहे. इथे मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी वगळता बाहेरून येणारी सगळी वाहनं गावाबाहेर दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे मुख्यतः पायी, घोड्यावर नाहीतर रिक्षेत. गॅसचं सिलिंडर, विटा, सिमेंट, भाजीपाला, बहुतेक सगळं घोड्याच्या पाठीवरून नाहीतर माणसाच्या बळावर वर जातं. अशा गावात रस्त्याचा ठराव हा लोकांच्या पोटापाण्याचा ठराव असतो.

त्यात ४ फेब्रुवारी २००३ला केंद्राने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तेव्हापासून बांधकाम असो वा रस्ता, सभागृहात ठराव झाला म्हणून काम सुरू होत नाही. त्यावर संनियंत्रण समितीची नजर असते. नगरसेवकांना हा जाच वाटतो, ते समजण्यासारखं आहे. तरी मला ही समिती हवीच वाटते. डोंगरमाथ्यावरचं जंगल एकदा तुटलं की कुठल्याही निधीतून परत आणता येत नाही.

आता हातरिक्षा जवळून पाहा. दांडा धरून एक जण पुढे ओढतो, मागून एक-दोघे रेटतात, आणि आत एखादं धडधाकट कुटुंब बसलेलं असतं. चढावर ओढणाऱ्याची मान पुढे झुकते, पाय मातीत रुततात. पावसाळ्यात पाणी लाल माती धुऊन नेतं, खालचे दगड उघडे पडतात आणि चाक त्यांत अडकतं. उतारावर तर सगळं वजन त्याच्याच अंगावर येतं. अशा रिक्षांचे ९४ परवाने होते. मातीची धूप थांबावी म्हणून पेव्हर ब्लॉक आले, तेव्हा रिक्षावाल्यांना हायसं वाटलं आणि घोडेवाले धास्तावले, कारण गुळगुळीत ब्लॉकवर नाल ठोकलेला पाय घसरतो. दोघांचंही म्हणणं खरं होतं. माथेरानचा निर्णय अवघड आहे तो इथे. ‘विकास विरुद्ध पर्यावरण’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या आणि शाळेतली मुलं, म्हातारी माणसं यांची मोठी सोय झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला: माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करा, आणि गुजरातेतल्या केवडियातल्या ई-रिक्षा योजनेच्या धर्तीवर खऱ्या हातरिक्षाचालकांना ई-रिक्षा भाड्याने द्या. पेव्हर ब्लॉकलाही मर्यादा घातली. दस्तुरी ते शिवाजी महाराजांचा पुतळा हा मुख्य रस्ता चालेल, तोही खाली काँक्रीट न ओतता. आतले रस्ते आणि पायवाटा मातीच्याच राहतील.

मला हा तोल योग्य वाटतो. पण तो टिकवायची रोजची कामं कोर्ट करत नाही. उखडलेला ब्लॉक बसवणं, कडेची गटारं पावसाच्या आत उपसणं, आतल्या वाटांची धूप रोखणं, घोड्यांसाठी मातीची कड राखणं ही गावातच व्हायची कामं आहेत. आणि सगळ्यांत आधी, ई-रिक्षा ज्याने आयुष्यभर दांडा ओढला त्याच्याच हाती गेली पाहिजे. भांडवलवाल्याने दहा गाड्या घेऊन त्यालाच रोजंदारीवर चालक ठेवलं, तर त्याचं ओझं फक्त बदलेल. म्हणून हातरिक्षाचालकांची यादी सभागृहात नावानिशी वाचली जावी, हरकती मागवाव्यात आणि ती चावडीवर लावतात तशी उघड्यावर लावावी.