चिंचोका : टाकाऊ नव्हे, बहुगुणी

चिंच फोडून झाली की चिंचोके बाजूला सारले जातात. काही मुलांच्या खेळात जातात, काही भाजून खाल्ले जातात आणि उरलेले पुष्कळदा उकिरड्यावर पडतात. वस्तुतः दाटपणा आणणाऱ्या उत्तम द्रव्यांत चिंचोक्याची गणना होते.

कढीला डाळीचे पीठ किंवा खिरीला आरारूट लावले म्हणजे ती दाट होते; कारण उष्णतेने पिठातील पिष्टकण पाणी शोषून फुगतात. चिंचोक्याच्या मगजात मुख्यत्वे झायलोग्लुकॅन ही बहुशर्करा असते. तिचे लांबलचक रेणू गरम पाण्यात उलगडून एकमेकांत गुंततात व पाण्याला मोकळेपणाने वाहू देत नाहीत. थंड पाण्यात हे पीठ केवळ कालवले जाते. ते शिजविल्यावाचून खळ होत नाही.

घोंगडी विणणाऱ्या सनगर व धनगर कारागिरांना हा गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हाताने कातलेले लोकरीचे सूत तुसदार असते. ताण्याला चिंचोक्याची खळ दिली म्हणजे तूस बसते, धागा ताठ होतो आणि मागावर सहसा तुटत नाही.

या पारंपरिक ज्ञानाला शास्त्राची जोड १९४२ मध्ये मिळाली. टी. पी. घोष व एस. कृष्णा या भारतीय शास्त्रज्ञांनी, टरफल काढलेल्या चिंचोक्यात ४६ ते ४८ टक्के जेली बांधणारे द्रव्य असल्याचे दाखवून दिले. फळांतील पेक्टिनला जेली बांधण्यासाठी साखरेबरोबर आंबटपणाही लागतो. चिंचोक्याच्या द्रव्याला साखर पुरेशी होते. पुढे सुती व ताग गिरण्यांत सुताला खळ देण्यासाठी आणि कापडावरील छपाईचा रंग दाट करण्यासाठी या पिठाचा वापर होऊ लागला. शुद्ध केलेले द्रव्य जपानमध्ये खाद्यपदार्थांत वापरले जाते. डोळ्यांचा कोरडेपणा कमी करणाऱ्या काही थेंबांतही ते असते.

घरगुती खळ करणे अवघड नाही. चिंचोके मंद आचेवर भाजावेत. तडकलेले टरफल कुटून व पाखडून काढावे. टरफलातील टॅनिनमुळे खळ काळपट होते, म्हणून ते राहू देऊ नये. मगज बारीक दळून पीठ प्रथम थंड पाण्यात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. नंतर सतत ढवळीत सुमारे अर्धा तास शिजवावे. वह्यांची बांधणी, कागदी पिशव्या यांसाठी ही खळ उपयोगी पडते. ती लवकर आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

चिंचोक्यांची किंमत त्यांच्या साठवणुकीवर अवलंबून असते. ओलसर राहिल्यास त्यांना बुरशी येते आणि भुंगेऱ्याची कीड मगज पोखरते. पोकळ चिंचोक्यापासून पीठ मिळत नाही. चिंच फोडणाऱ्या कुटुंबांनी व महिला बचत गटांनी चिंचोके धुऊन, कडक उन्हात वाळवून, कोरड्या जागी साठविले, तर गराबरोबर बियांचेही चार पैसे हाती येतील. बांधावरच्या चिंचेला पाणी-खताचा खर्च फारसा नसतो. तिच्या उत्पन्नाचा एक भाग मात्र आपणच उकिरड्यावर टाकू नये.