नमुन्यांची वही आता पडद्यावर
पदव्युत्तर विद्यार्थ्याने डिजिटल पोर्टफोलिओ कसा तयार करावा?

कापडाच्या पेढीवर नवे गिऱ्हाईक आले की दुकानदार आधी नमुन्यांची वही पुढे सरकवतो. सुताराकडे जा, तो करून दिलेल्या कपाटांचे फोटो दाखवील. आपल्या घरांतील जी मुले-मुली पदवीनंतर डिझाइन, वास्तुकला, संगणक अशा विषयांचे पुढील शिक्षण घेत आहेत, त्यांच्याकडेही नोकरी देणारा हीच वही मागतो. ती पडद्यावर पाहिली जाते, एवढाच फरक. तिला डिजिटल पोर्टफोलिओ म्हणतात.

बहुतेक विद्यार्थी ती शेवटच्या सत्रात घाईघाईने जुळवतात आणि तिथेच नुकसान होते. तयार वस्तूचा फोटो केव्हाही काढता येतो. ती घडत असतानाचा फोटो वेळ गेल्यावर मिळत नाही. म्हणून पहिल्या सत्रापासून प्रत्येक कामाची कच्ची चित्रे, फसलेले प्रयोग आणि मधले टप्पे तारखेसह जपून ठेवावेत.

समजा, औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरू विणणाऱ्या घरातील मुलगी वस्त्रांच्या डिझाइनमध्ये एम. डेस. करीत आहे. तिने शालींचे वीस सुंदर फोटो लावले आणि वर ‘माझे काम’ असे लिहिले. मुलाखतीत पहिला प्रश्न येणार, “यातले तुमचे काय?” त्याचे उत्तर पोर्टफोलिओतच हवे. आलेखाच्या कागदावरील नक्षी आणि रंगसंगती माझी, विणकाम वडिलांचे, सुताची रंगाई बाहेरची, असे स्पष्ट लिहावे. यात कमीपणा नाही. उलट, ही मुलगी कारागिरांबरोबर बसून काम करू शकते, हे त्यातून कळते, आणि कंपन्यांना नेमकी अशीच माणसे हवी असतात. शिवाय वडिलांचे नाव त्यांच्या मालाखाली लिहिले जाते. पिढ्यान् पिढ्या माग चालवूनही किती विणकरांची नावे अशी नोंदली गेली असतील?

वीस कामे दाखवू नयेत. पाच-सहा पुरेत, आणि सर्वांत चांगले सर्वांत आधी. प्रत्येक कामाखाली अडचण काय होती, कोणता माल वापरला, काय फसले, शेवटी काय साधले, हे सात-आठ ओळींत सांगावे. फोटो साध्या फोनवरचे चालतात. मात्र फ्लॅश नको. सकाळी खिडकीशेजारी, पांढऱ्या चादरीवर वस्तू ठेवावी. एका फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवली की आकार समजतो.

मांडणीसाठी सुरुवातीला पैसे खर्चू नयेत. डिझाइनच्या विद्यार्थ्याला बिहॅन्स, संगणकाच्या विद्यार्थ्याला गिटहब आणि इतरांना गूगल साइट्स विनामूल्य मिळते. याशिवाय एक पीडीएफ प्रत हाताशी असावी. ती इतकी जड नको की ईमेलने जाणारच नाही. फोटो आधी लहान करून घ्यावेत.

आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी कॉलेजात क्वचितच कोणी सांगते. नवी नक्षी घाईने जगापुढे मांडू नये. डिझाइन कायदा, २००० प्रमाणे नोंदणीसाठी नक्षी नवी असावी लागते, आणि अर्ज करण्यापूर्वीच ती प्रसिद्ध झाली तर सामान्यतः तो हक्क जातो. नोंदणी झाली तर संरक्षण १० वर्षांचे, आणि पुढे ५ वर्षे वाढवून मिळते. म्हणून जी नक्षी धंद्यात उतरवायची आहे तिचा आधी अर्ज, मग पोर्टफोलिओ. (बापजाद्यांच्या जुन्या बुट्ट्यांची अशी नोंदणी होत नाही, त्या नव्या नाहीत.) एखाद्या पेढीच्या ऑर्डरीवर केलेले काम दाखवायचे असेल तर त्या पेढीची लेखी परवानगी घ्यावी. त्यांचा न आलेला माल मुलाच्या पानावर दिसला, तर वडिलांचे गिऱ्हाईक तुटेल.

शेवटी एक बारीक चूक, पण फार महाग पडणारी. पुष्कळ विद्यार्थी ड्राइव्हची लिंक पाठवतात आणि ती उघडण्याची परवानगी देणे विसरतात. म्हणजे दुकानाची पाटी रंगवली आणि शटर पाडूनच ठेवले! लिंक पाठवण्यापूर्वी ती घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून पाहावी. फोटो हळू येतात का, अक्षरे वाचता येतात का, हेही त्याच वेळी कळते.

आणि त्या पीडीएफची एक प्रत वडिलांच्या फोनवर जरूर टाका. दुकानात चहा पिता पिता गिऱ्हाईक विचारतेच, “मुलगी सध्या काय शिकते?”