मोजणी हाती आली की

अणुसंशोधनाचा बहुतेक पैसा सरकारचा. मग विज्ञानसंस्था हव्यात कशाला, असे भोकरदनच्या वाचकाने विचारले तर ते रास्तच. पण सरकारी प्रयोगशाळा तालुक्यापर्यंत येत नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून काम करणारी, 1981 साली स्थापन झालेली ‘इंडियन असोसिएशन ऑफ न्यूक्लिअर केमिस्ट्स अँड अलाईड सायंटिस्ट्स’ महाविद्यालयांत जाऊन कार्यशाळा घेते, विद्यार्थ्यांना किरणोत्सर्ग मोजायला शिकवते. अणुऊर्जेच्या घरातली मंडळी तिची भलामणच करणार, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. तरी गायगर गणक पोटॅशच्या खताजवळ धरून पोटॅशियम-40चा नैसर्गिक किरणोत्सर्ग ज्याने मोजला, तो भलामण आणि भीती दोन्ही तपासू शकतो. 1966पासूनची मराठी विज्ञान परिषद विज्ञान मराठीत सांगते. यंत्राची उणीव मात्र व्याख्यानाने भरून निघत नाही.