बालरोग विभागातली पोस्टिंग: आधी बघा, मग हात लावा

तळेगाव दाभाड्याच्या डॉ. भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालयात किंवा मावळातल्या कुठल्याही दवाखान्यात पीडियाट्रिक्सची पोस्टिंग लागली, तर टाकवे, वडेश्वर, खांडी ही आंदर मावळातली गावं आधी नकाशावर पाहून घ्या. खांडीहून भर पावसात बाळ घेऊन निघालेली आई तुमच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, ते कळेल. म्हणून "ताप कधीपासून?" याबरोबर "घरून कधी निघालात? वाटेत काय पाजलंत?" हेही विचारायचं.

बाळापाशी जाताच स्टेथोस्कोप लावू नका. ते आईच्या मांडीवर शांत असतं, तेवढाच वेळ तुमचा. सदरा वर करायला आईलाच सांगा आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर हमखास चुकतं. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०. श्वास इतके किंवा याहून जास्त भरले तर ते जलद. आई "पोट उडतंय" म्हणाली, तर छातीचा खालचा भाग आत ओढला जातोय का पाहा आणि तसं असेल तर लगेच रेसिडेंटना बोलवा. घसा, कान अगदी शेवटी.

वजन स्वतः करा. इथे प्रत्येक डोस वजनावर ठरतो. साधं पॅरासिटामॉलही किलोला १५ मिलिग्रॅम. मूल खोकल्यासाठी आलं असलं तरी दंडाला टेप लावा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. अशा मुलाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर अंगातलं पाणी कमी नसतानाही ती सावकाश जागेवर जाते. हे ध्यानात नसेल तर उगाच सलाईन चढतं आणि कुपोषित मुलाला ते जिवावर बेतू शकतं.

लसींची माहिती तोंडी घेऊ नका, कार्ड पाहा. आहार विचारताना कालपासून आजपर्यंत काय खाल्लं, किती वाट्या, असं विचारा. भातलावणीत आई खाचरात असते, भरवते आजी. मग आजीलाच विचारा.

जुलाबाचं बाळ घरी सोडताना ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवायला आईला तुमच्यासमोर लावा, झिंक १४ दिवस द्यायचं हे सांगा. बाळ पीत नसेल, सुस्त पडलं, झटका आला, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करायचा, हे तिच्याकडून वदवून घेतल्याशिवाय डिस्चार्जचा कागद हातात देऊ नका.