जुनी डिझेल एसयूव्ही पारखताना

पुण्यात तयार होणारी टाटा सफारी १९९८ साली बाजारात आली, २००० साली बोलेरो आणि २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली, आणि घाटरस्ता असो, शिवारातील पाणंद असो की लग्नाचे वऱ्हाड असो, सर्वत्र सारखेच उपयोगी पडणारे हे उंच बांध्याचे डिझेल वाहन महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांच्या आकांक्षेचा विषय होऊन बसले. नव्या गाडीची किंमत ज्यांच्या ऐपतीबाहेर आहे, त्यांनी जुन्या गाडीकडे वळावे यात अनुचित असे काहीच नाही. परंतु हा व्यवहार करताना एक तत्त्व ग्राहकाने मनाशी पक्के बाळगले पाहिजे, ते असे की, जे दोष डोळ्यांना प्रथम दिसतात ते दुरुस्तीस स्वस्त असतात, आणि जे खर्चात बुडवतात ते शोधल्यावाचून दिसत नाहीत. ओरखडा, फाटलेले सीटकव्हर, फुटलेला दिवा यांवर घासाघीस करण्यात तासभर घालवून इंजिनाकडे पाच मिनिटेही न पाहणारा ग्राहक स्वतःचेच नुकसान करून घेतो.

परीक्षेचा आरंभ थंड इंजिनापासून करावा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबल्यामुळे तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते, आणि म्हणून सिलिंडरांतील दाब झिजेमुळे उणावला असेल किंवा ग्लोप्लग निकामी झाले असतील, तर ते वैगुण्य रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतच स्पष्टपणे प्रकट होते. याकरिता आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये, असे विक्रेत्यास आदल्या दिवशीच बजावून ठेवावे, आणि गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून ते गरम नाही याची खात्री करून घ्यावी. गाडी सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे लक्ष द्यावे. निळसर धूर इंजिन तेल जळत असल्याचे सांगतो. गाडी रेस केल्यावर दाट काळा धूर येत राहिला तर इंधन अधिक होत आहे किंवा हवा अपुरी पडत आहे असे समजावे. आणि इंजिन पुरते तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर कूलंट सिलिंडरात शिरत असल्याचा किंवा इंधन अर्धवट जळत असल्याचा संशय घ्यावा.

त्यानंतर इंजिन चालू असतानाच तेल भरण्याचे झाकण सावकाश सैल करून पाहावे. तेथून धुराचे झोत जोराने बाहेर पडू लागले, म्हणजे गॅरेजमधील मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तो प्रकार होय. पिस्टनच्या रिंगा झिजून ज्वलनाचा वायू खाली उतरू लागला आहे, आणि इंजिनाचे संपूर्ण काम करावे लागण्याचा दिवस दूर नाही, असा त्याचा अर्थ आहे. डिपस्टिकवरील तेल काळे दिसले म्हणून मात्र घाबरू नये, कारण डिझेल इंजिनाचे तेल बदलल्यानंतर थोड्याच काळात काळे पडते. चिंता करावी ती तेल दुधाळ दिसल्यास, किंवा कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग अथवा सतत उठणारे बुडबुडे आढळल्यास, कारण ही हेड गॅस्केट फुटल्याची चिन्हे आहेत. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कदापि उघडू नये.

आधुनिक डिझेल गाडीत सर्वांत नाजूक आणि महाग असे दोन अवयव आहेत, ते म्हणजे टर्बो आणि इंजेक्टर. टर्बो ठीक असेल तर चढावर, इंजिनाच्या मिनिटाला साधारण दीड-दोन हजार फेऱ्यांच्या सुमारास, गाडी एकसंध जोराने पुढे सरकते. त्या ठिकाणी पिकअप मिळत नसेल, कर्कश शिटी ऐकू येत असेल किंवा इंटरकूलरच्या नळ्यांत तेल साचले असेल, तर टर्बोची तपासणी केल्यावाचून व्यवहार पुढे नेऊ नये. कॉमन रेल पद्धतीत इंधनाचा दाब एक हजार बारच्याही वर जातो, आणि इंजेक्टरांची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल त्यांचा अल्पकाळात नाश करते. उभ्या गाडीचे इंजिन थडथडत असेल, तर प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणाऱ्या डिझेलचे प्रमाण जाणत्या मिस्त्रीकडून मोजून घ्यावे. पहिल्या पिढीतील फॉर्च्युनरच्या तीन लिटर इंजिनासारख्या काही इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो. तो मुदतीत बदलल्याचे बिल नसेल, तर बदललाच नाही असे धरून चालावे, कारण तो तुटला असता व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनाची धूळधाण होते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर बसवलेला असतो. साचलेली काजळी जाळून टाकण्यास त्याला लांबच्या, सलग वेगाच्या प्रवासाची आवश्यकता असते. म्हणून केवळ शहरात थोडथोडकी फिरलेली गाडी ही नेहमीच उत्तम, हा रूढ समज अशा गाडीपुरता सोडून द्यावा. डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा दिवा पेटलेला आहे काय, आणि इग्निशन देताना तो क्षणभर तरी लागतो काय, हे दोन्ही पाहावे. मुळीच न लागणारा दिवा जाणूनबुजून बंद केलेला असू शकतो.

आता गाडीखाली. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर या गाड्यांचा सारा भार शिडीसारख्या चासीवर असतो, आणि ती वाकलेली, तडकलेली अथवा वेल्डिंग केलेली असल्यास गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी ती नाकारावी. किनारपट्टीवर वापरलेल्या गाडीत गंज विशेष बारकाईने शोधावा. क्लच सोडताना खडखडाट किंवा थरथर जाणवल्यास क्लचप्लेटबरोबर फ्लायव्हीलचाही खर्च गृहीत धरावा. फोर-बाय-फोर गाडीचे चारही चाकांचे गिअर मातीच्या रस्त्यावर प्रत्यक्ष टाकून पाहावेत. वर्षानुवर्षे न वापरल्यामुळे ते अनेकदा जाम झालेले असतात.

महापुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून दूरच्या शहरात विकली जाते, हे २००५ साली मुंबईने, २०१९ साली सांगली-कोल्हापूरने आणि २०२१ साली चिपळूणने पाहिलेल्या पुरांच्या पार्श्वभूमीवर ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ शोधावी, सीटखालील बोल्टांचा गंज आणि गालिच्याखालची ओल तपासावी. मीटरवरील आकड्यावर विसंबू नये. पेडलच्या रबराची झीज, स्टीअरिंगची चकाकी आणि सर्व्हिसच्या नोंदी यांचा त्या आकड्याशी मेळ बसतो की नाही ते ताडून घ्यावे.

शेवटी दस्तऐवज. आरसीवरील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षरशः जुळवावेत; बँकेचा बोजा उतरला असल्याचा दाखला, थकलेले ई-चलान, विमा व पीयूसी यांची शहानिशा करावी. खाजगी गाडीच्या नोंदणीची पहिली मुदत पंधरा वर्षांची असल्याने तीपैकी किती शिल्लक आहे ते पाहावे. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली निर्बंध घातले, तेव्हापासून तिकडील बऱ्याच गाड्या परराज्यांत विकल्या गेल्या. तशी गाडी घेताना तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला आणि येथे भरावा लागणारा रस्ताकर हे दोन्ही किमतीत धरावेत. पैसे देतानाच नमुना २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या घ्याव्यात, आणि नाव व विमा आपल्याकडे वर्ग करून घेण्यास दिरंगाई करू नये.

एवढी परीक्षा करावयास एक सकाळ, एक भरवशाचा मिस्त्री आणि त्याच्या मेहनतान्याचे थोडे रुपये लागतात. प्रामाणिक विक्रेता या तपासणीस हरकत घेत नाही. जो थंड इंजिन दाखवण्यास, गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवण्यास किंवा कागद समोर ठेवण्यास टाळाटाळ करतो, त्याच्या हाती विसार ठेवू नका, मग गाडी कितीही देखणी असो आणि दुसरे गिऱ्हाईक दारात उभे असल्याचे कितीही सांगण्यात येवो.