स्टर्जचं चरित्र आणि धसईची उचल

हेन्री रिचर्ड यांनी लिहिलेलं जोसेफ स्टर्जचं जाडजूड चरित्र १८६४ साली लंडनमध्ये निघालं. स्टर्ज बर्मिंगहॅमचा धान्याचा व्यापारी, पंथाने क्वेकर. दारूसाठी जव विकणं त्याने तोटा सोसून बंद केलं. चरित्रकार शांतता चळवळीतला त्याचा सहकारी, त्यामुळे भक्तिभावाला तोटा नाही. तो भक्तिभाव सोसून १८३४ नंतरची प्रकरणं वाचावीत. मुरबाड-शहापूरकडच्या माणसाला ती परकी वाटणार नाहीत.

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने १ ऑगस्ट १८३४ ला संपली. मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली आणि गुलामांना ‘उमेदवार’ हे नवं नाव. शेतावरच्या मजुरांनी आणखी सहा वर्षं त्याच मालकाकडे राबायचं होतं. लंडनमध्ये सत्कार-समारंभ झाले. स्टर्जला मात्र शंका होती. १८३६ च्या अखेरीस तो बोटीत बसला आणि वेस्ट इंडीजला जाऊन स्वतः चौकशी करू लागला.

अँटिग्वाने उमेदवारी न ठेवता एकदम मुक्ती दिली होती आणि तिथे काही आकाश कोसळलं नव्हतं. जमैकात चित्र उलटं होतं. मालकाला आता चाबूक उगारता येत नव्हता. तो मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभा करी, पुढचं काम तुरुंग करी. तिथल्या पायचक्कीवर माणसाचे हात वर बांधत. फिरती पायरी चुकली, की दुसरी नडगीवर आदळे. जेम्स विल्यम्स हा अठराएक वर्षांचा पोरगा हे सगळं भोगून आला होता. स्टर्जने पैसे भरून त्याला सोडवलं आणि इंग्लंडला आणलं. त्याची हकीकत १८३७ मध्ये छापली गेली. १ ऑगस्ट १८३८ ला, मुदतीच्या दोन वर्षं आधी, उमेदवारी रद्द झाली. पुढच्याच वर्षी स्टर्ज आणि त्याच्या साथीदारांनी जगभरच्या गुलामगिरीविरुद्ध संस्था काढली.

कंपनी सरकारचा हिंदुस्थान १८३३ च्या त्या कायद्यातून वगळला होता. इथे १८४३ चा पाचवा कायदा आला. कोर्टांनी गुलामावरची मालकी मानायची नाही, असं ठरलं. कर्जाने बांधलेला माणूस त्यातून निसटला. ठाणे जिल्ह्यात त्याला लग्नगडी म्हणत. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं; कर्ज फिटायचं नावच नाही. १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, मग वारली आदिवासींचा या वेठीविरुद्धचा लढा पेटला. लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो लिहून ठेवला. वेठबिगारीबंदीचा कायदा यायला मात्र १९७६ उजाडलं. १९८२ पासून श्रमजीवी संघटनेने या जिल्ह्यात वेठबिगार सोडवले आणि १९९९ मध्ये संघटनेच्या विवेक पंडित यांना गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला. तो दिला स्टर्जच्याच संस्थेने. आज तिचं नाव अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल.

डिसेंबर २०१६ मध्ये मुरबाड तालुक्यातली धसई गाजली ती ‘कॅशलेस गाव’ म्हणून. त्याच टापूतल्या कातकरी वाड्यांचं वर्ष वेगळ्या व्यवहारावर चालतं. भातकापणी उरकते, दिवाळी होते आणि माणसं वीटभट्ट्यांवर निघतात. भट्टीमालकाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, बहुधा पावसाळ्यातच, घरात दाणा नसताना घेतलेली असते. माणूस एकटा जात नाही, जोडी जाते, मागे पोरं. चिखल तुडवायचा, विटा पाडायच्या, हजारावर भाव. आठवड्याला खर्ची मिळते ती तेल-मीठ-तांदळापुरती. हिशोब पावसाच्या तोंडावर. खर्ची आणि उचल वजा जाऊन अंगावर बाकी निघाली, तर पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीच भट्टी.

सगळीच उचल वेठबिगारी नसते, हे कबूल. पण काम सोडायची आणि दुसरीकडे जायची मुभा कर्जामुळे गेली, की कायद्याच्या लेखी ती वेठबिगारीच. मजुराने तसं म्हटलं, तर ते कर्ज वेठीचं नाही हे शाबीत करणं धनकोवर आहे. कलम पंधरा. सर्वोच्च न्यायालयानेही १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात मजुराकडून पुराव्याचा हट्ट धरू नये, असाच कौल दिला. कारण उघड आहे: वही मालकाकडे असते.

वेठबिगार राबवणाऱ्याला कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि दंड जास्तीत जास्त दोन हजार रुपये. हा आकडा १९७६ चा आहे. एवढ्या रकमेत आज एका जोडीची उचलही होत नाही.