पोराची कमाई आणि घरचं रेशन



दोन वर्षांपूर्वीची उन्हाळ्याची सुट्टी. आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा अकरावीची परीक्षा देऊन मोकळा झाला आणि तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात कामाला लागला. महिना तीन हजार रुपये. ताईंचे मालक वारलेत, त्या घरी ब्लाउज शिवतात. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, "पोरगा कमावता झाला, आता तुमचं रेशन आणि पेन्शन दोन्ही बंद होणार." ताईंनी बैठकीत आम्हाला विचारलं. आम्हालाही नक्की माहीत नव्हतं. आम्ही म्हणालो, "कशाला जोखीम घेता?" ताईंनी पोराचं काम सोडवलं. जूनमध्ये बारावीची फी आणि पुस्तकं यांसाठी गटातूनच पाच हजारांचं कर्ज काढलं.

नंतर आम्ही कागद घेऊन बसलो तेव्हा कळलं, दोन महिन्यांच्या त्या कामानं त्यांचं काहीच बंद झालं नसतं. चूक आमची होती. म्हणून आजचा विषय हाच: शिकणारं पोर थोडं काम करू लागलं, तर घराला मिळणाऱ्या सरकारी मदतीचं काय होतं?

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. "सगळं बंद होतं" असा कुठलाही एक नियम नाही. प्रत्येक योजनेची उत्पन्नाची मर्यादा वेगळी आणि कोणाचं उत्पन्न धरायचं तेही वेगळं. दुसरी गोष्ट, मर्यादा वर्षाची असते. एका महिन्याचा पगार पाहून घाबरायचं नाही, पूर्ण वर्षाची बेरीज करायची.

आता रेशन घेऊ. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला कार्डावर ३५ किलो. आपल्या राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा गावात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये. यात घरातल्या सगळ्या कमावत्या माणसांचं मिळून उत्पन्न धरतात. म्हणजे पोराची कमाईही त्यात आली.

संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा याहून खूप कमी आहे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. निराधार विधवा बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, वर्षाचे १८ हजार. मुलगा कमावता झाला की इथे कुटुंबाचं उत्पन्न पुन्हा पाहिलं जातं. पोराच्या कमाईचा धक्का पहिल्यांदा बसतो तो इथेच.

लाडकी बहीण योजनेत मर्यादा मोठी आहे, वर्षाला अडीच लाख. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. मोलमजुरी करणाऱ्या घरात पोरानं महिन्याला तीन-चार हजार आणले म्हणून अडीच लाखांचा आकडा सहसा ओलांडला जात नाही.

शिष्यवृत्तीचं आणखी वेगळं. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना दहावीनंतर मिळणाऱ्या भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी आई-वडिलांचं उत्पन्न पाहतात, मर्यादा अडीच लाख. थोरला भाऊ कमावतो म्हणून धाकटीची शिष्यवृत्ती जात नाही. पण तिथे हजेरी ७५ टक्के लागते. कामापायी कॉलेज बुडालं तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी शिष्यवृत्ती अडकते. आया दाखल्याच्या मागे धावतात आणि हजेरीकडे कुणाचं लक्ष नसतं.

आता त्या ताईंचाच हिशेब मांडू. घरात तिघं: आई, मुलगा, मुलगी. रेशन महिन्याला १५ किलो. शिलाईचे महिना एक हजार, वर्षाचे १२ हजार.

मुलानं फक्त सुट्टीत दोन महिने काम केलं तर त्याचे ६ हजार. एकूण १८ हजार. २१ हजारांच्या आत, ४४ हजारांच्याही आत. पेन्शन राहते, रेशनही राहतं.

त्यानं दहा महिने संध्याकाळी काम केलं तर ३० हजार. एकूण ४२ हजार. रेशन राहतं, पण पेन्शनच्या मर्यादेबाहेर गेलो. पोरानं ३० हजार आणले, १८ हजार गेले. हातात जास्तीचे उरले १२ हजार, म्हणजे कामाच्या महिन्याला बाराशे. त्यातून एसटीचं भाडं आणि चहा-नाश्ता वजा करा. एवढ्यासाठी बारावीच्या वर्षाची संध्याकाळ द्यायची का, हे मग घरानं ठरवायचं.

पूर्ण बारा महिने काम केलं तर ३६ हजार, एकूण ४८ हजार. आता रेशनची मर्यादाही ओलांडली. १५ किलो धान्य बाजारात किलोला ४० रुपये धरलं तर महिना सहाशे, वर्षाचे ७,२०० रुपये. म्हणजे दहा महिन्यांनंतरच्या शेवटच्या दोन महिन्यांच्या कमाईनं ६ हजार आणले आणि ७,२०० घालवले.

पाहिलंत ना? काम तेच, पगार तोच. फरक फक्त किती महिने केलं त्याचा.

आणखी एक विचार करायचा असतो. पोराचं काम आज आहे, उद्या नाही. दुकानदार दिवाळी झाली की "आता नको" म्हणतो. पण एकदा बंद झालेली पेन्शन दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा मंजुरी. रेशनच्या धान्यालाही तालुक्याचा इष्टांक ठरलेला असतो, जागा असेल तेव्हाच नाव बसतं. म्हणून काम टिकेल की नाही, हे पाहूनच मोठा निर्णय घ्या.

मग काही बाया विचारतात, "सांगितलंच नाही तर?" मैत्रिणींनो, हा सल्ला आम्ही देणार नाही. अर्जाबरोबर आपण स्वयंघोषणापत्रावर सही करतो. खोटी माहिती देऊन घेतलेल्या लाभाची वसुली लागू शकते. आलेला पैसा तोवर खर्च झालेला असतो, मग परत कुठून भरायचा? शिवाय आज पगार खात्यावर येतो आणि खातं आधारला जोडलेलं असतं. खरं सांगून मर्यादेत बसता येत असेल, तर खोटं कशाला?

कामाचेही नियम आहेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला दुकानात, हॉटेलात कामाला ठेवता येत नाही. २०१६ साली कायदा बदलला, तेव्हापासून चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना खाणीत किंवा स्फोटक, धोक्याच्या कामावर ठेवायलाही बंदी आहे. या वयाच्या मुलांसाठी संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नको, सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती हवी आणि आठवड्याला एक सुट्टी हवी, असं कायदा सांगतो. वर आम्ही संध्याकाळचं काम म्हणालो, ते सातच्या आतलं. रात्री दहापर्यंत पोराला थांबवणारा मालक असेल तर ते काम सोडलेलंच बरं. मुलाचे हाल होत असतील तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो.

शिकता शिकता कमावणं आपल्याकडे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना श्रम करून शिकायची वाट दाखवली. आजही कित्येक कॉलेजांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. काम कॉलेजातच, तास ठरलेले, त्यामुळे हजेरी बुडत नाही. दुकान शोधण्याआधी कॉलेजात हे विचारून या. ते मानधनही आपल्या वर्षाच्या हिशेबात मात्र लिहायचं.

आता करायचं काय? एक वही घ्या. पहिल्या पानावर घराला मिळणाऱ्या योजना आणि प्रत्येकीची मर्यादा लिहा. मर्यादा शासन निर्णयानं बदलतात, म्हणून चालू आकडा तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात विचारून घ्या. दुसऱ्या पानावर घरातल्या प्रत्येकाची महिन्याची कमाई लिहा, पोराचीही. काम कधी सुरू झालं आणि कधी सुटलं ती तारीख टाका. मालकाकडून चिठ्ठी मिळाली तर जपून ठेवा. उत्पन्नाचा दाखला काढताना "पोरगा महिना तीन हजार कमावतो" एवढंच सांगितलं, तर समोरचा बारानं गुणतो आणि ३६ हजार लिहितो. "दोनच महिने काम केलं, सहा हजार मिळाले" असं सांगा आणि चिठ्ठी दाखवा.

त्या ताईंचं कर्ज फिटलं. मुलगा आता बी.कॉम.ला आहे. यंदा सुट्टीत दोन महिने काम करणार आहे, आणि ताईंनी या वेळी आम्हाला विचारण्याआधी स्वतःच वही मांडली. बेरीज आम्ही फक्त तपासली. बरोबर होती.

तुमच्याही घरात असं पोर असेल तर पुढच्या बैठकीला वही घेऊन या. मिळून हिशेब करू.